फतेहगंजचा व्होकॅब कोर्स: मीडिया-प्रायव्हसीचा भाग भारी, स्वभावांचा भाग पाण्यात

आधीच सांगते, क्लासचं नाव लिहिणार नाहीये. पुढे तक्रार पण आहे आणि मला मालकांशी वाद वाढवायचा नाहीये, आपलं बडोदं केवढंसं, उद्या कुठल्यातरी लग्नात जेवणाच्या रांगेत समोर उभे असतील. फतेहगंजात खाली मोबाइलचं दुकान, त्याच्यावर आयल्ट्सचा (परदेशी जायला लागते ती इंग्रजीची परीक्षा) क्लास, त्याच्यावर व्हिसा कन्सल्टंट अशा बिल्डिंगा आहेत ना, त्यातलाच एक समजा. ज्यांनी तिथे केलाय ते वाचून ओळखतीलच.

हा पूर्ण आयल्ट्सचा कोर्स नाही. ज्यांनी एकदा परीक्षा दिलीये आणि स्पीकिंग नाहीतर रायटिंगमध्ये अर्ध्या बँडसाठी, म्हणजे अर्ध्या गुणासाठी गाडी अडकलीये त्यांच्यासाठी विषयवार व्होकॅबचे, म्हणजे शब्दसंपत्तीचे छोटे कोर्स काढलेत. पर्यावरणाचा वेगळा, हेल्थचा वेगळा, मी घेतला तो मीडिया, सेलिब्रिटींची प्रायव्हसी आणि पर्सनॅलिटी म्हणजे माणसांचे स्वभाव, असा तिन्हींचा मिळून एक. फी साडेचार हजार, त्यात एक बुकलेट आणि शेवटी एक मॉक स्पीकिंग टेस्ट. मी मकरपुरा जीआयडीसीत एका लॅबमध्ये आहे, इंग्रजी वाचायला-लिहायला रोजचंच, रीडिंग लिसनिंगला काही त्रास नाही, पण स्पीकिंगला सहा आणि युनिव्हर्सिटीला हवेत साडेसहा. विषय समोर आला की माझ्याकडे गुड, बॅड, नाइस, व्हेरी नाइस एवढाच माल. एखाद्या फेमस माणसाबद्दल दोन मिनिटं बोला म्हटलं की पाऊण मिनिटात दुकान बंद.

तर निकाल आधी देऊन टाकते. कोर्सचा पहिला अर्धा भाग, मीडिया आणि प्रायव्हसीचा, तो एक मॅडम घेतात आणि त्याच्यासाठी मी पूर्ण फी आनंदानं देईन. दुसरा अर्धा, स्वभावांचा, तो क्लासचे मालक सर स्वतः घेतात आणि तो घरी बसून फुकटात होण्यासारखा आहे, खरं तर घरी जास्त चांगला होईल. आणि मध्ये एक रीलचं प्रकरण झालं ते वेगळंच, ते सांगतेच.

मॅडम मूळच्या केरळच्या, पण वाढल्या इथेच, गुजराती आपल्यापेक्षा झकास बोलतात आणि मराठी सगळं समजतं. पहिल्या दिवशी त्यांनी शब्द एकही दिला नाही, आधी मार्क कसे देतात ते सांगितलं. हे मला वाटतं प्रत्येक क्लासनं पहिल्या तासाला सांगायला हवं आणि बहुतेक सांगत नाहीत. स्पीकिंग टेस्ट 11 ते 14 मिनिटांची, तीन भाग. दुसऱ्या भागात कार्ड देतात, एक मिनिट तयारी आणि मग एक ते दोन मिनिटं एकटीनं बोलायचं, तिसऱ्या भागात त्याच विषयावर चार-पाच मिनिटं चर्चा. मार्क चार गोष्टींना, चौघींना सारखे: सलग बोलता येतं का, शब्दसंपत्ती, व्याकरण आणि उच्चार. म्हणजे शब्दांना पाव हिस्सा. आणि त्या पाव हिश्शातसुद्धा सात बँडला काय लिहिलंय तर कमी वापरातले आणि मुहावऱ्यातले काही शब्द येतात, कुठला शब्द कुठल्या शब्दाबरोबर जातो याची काही जाण दिसते, मध्येमध्ये चुकीची निवड झाली तरी चालते. चुका चालतात! मला हे माहीतच नव्हतं, मला वाटायचं की डिक्शनरीतला सगळ्यात अवघड शब्द काढला की परीक्षक खूश. मॅडम म्हणाल्या, पाठ केलेलं वाक्य तोंडातून बाहेर पडलं की समोरच्याला लगेच कळतं, कारण तेवढ्यापुरता तुमचा स्पीड आणि सूर दोन्ही बदलतात.

मग शिकवायची पद्धत. टेबलावर त्या दिवसाचे पेपर, एक गुजराती, दोन इंग्रजी, आणि फोनवर दोन-तीन एंटरटेनमेंटची पेजेस उघडलेली. एकच बातमी सगळीकडे कशी आलीये ते वाचायचं आणि पेन्सिलनं खुणा करायच्या, हे झालेलं आहे, हे कोणीतरी म्हटलेलं आहे आणि हे नुसतं सोडून दिलेलं आहे. एका पेजवर ‘जवळच्या सूत्रांनुसार’ असं चार वेळा होतं आणि सूत्र एकही नाही. त्याच्यातूनच शब्द निघायचे. अननेम्ड सोर्स, अनव्हेरिफाइड, सेन्सेशनलाइझ करणं, ब्लो आउट ऑफ प्रपोर्शन, बायस्ड, वन-सायडेड, इम्पार्शल कव्हरेज. शब्द फळ्यावर लिहायच्या आधी तुम्हाला त्याची गरज पडलेली असायची, तुम्ही ‘मॅम ते वो वाला, उगाच मोठं करून सांगणं’ असं तीन भाषांत चाचपडत असायचात आणि तेव्हा त्या शब्द हातात ठेवायच्या. असा मिळालेला शब्द विसरत नाही, मी तर आता ऑफिसच्या मेलमध्ये पण ब्लो आउट ऑफ प्रपोर्शन घालते, साहेबांना आवडलेलं दिसत नाही.

प्रायव्हसीवर तर वर्गात भांडणंच झाली. आलिया भट्टचं फेब्रुवारी 2023 चं प्रकरण घेतलं होतं, ती घरात हॉलमध्ये बसलेली आणि शेजारच्या बिल्डिंगच्या गच्चीवरून दोन माणसं कॅमेरा लावून, आणि मग तिनं स्वतःच ते इन्स्टाग्रामवर टाकून मुंबई पोलिसांना टॅग केलं होतं. दुसरं विराट कोहलीचं, ऑक्टोबर 2022, पर्थच्या हॉटेलात तो नसताना त्याच्या खोलीत शिरून कुणी व्हिडिओ काढला, बूट, कपडे, औषधं सगळं दाखवत. यावर आमच्या बॅचमधला एक मुलगा, वाघोडियाकडून येतो, इंजिनीअरिंग झालेला, एकदम तावातावानं की हे लोक एअरपोर्टवर स्वतः फोटोग्राफरला बोलावतात आणि नंतर रडतात, फेम पाहिजे तर हे पण घ्या. अर्धा वर्ग त्याच्या बाजूनं. मॅडमनी त्याला गप्प नाही बसवलं, उलट त्याच्या बाजूचे शब्द त्याला दिले. कोर्टिंग पब्लिसिटी, द प्राइस ऑफ फेम, इट कम्स विथ द टेरिटरी, लिव्हिंग इन द पब्लिक आय. मग आम्हाला आमचे: इन्ट्रूझिव्ह, इन्व्हेजन ऑफ प्रायव्हसी, क्रॉस द लाइन, रीझनेबल एक्स्पेक्टेशन ऑफ प्रायव्हसी. आणि दोघांना सांगितलं की आता बाजू बदला. तो मुलगा आलियाचा वकील झाला आणि मी पापाराझींची. मला बोलायला जास्त मजा आली, कारण जे आपल्याला पटत नाही ते मांडताना तयार वाक्यं नसतात, शोधावी लागतात.

आणि मॅडम नुसत्या शब्दांवर थांबत नाहीत हे मला फार आवडलं. डायनाचं उदाहरण सगळेच देतात, रायटिंगच्या निबंधात तर प्रत्येकाचं हेच, पापाराझींनी मारलं. त्यांनी विचारलं की नक्की? 31 ऑगस्ट 1997 ला पॅरिसच्या बोगद्यात अपघात झाला, आणि 2008 मध्ये लंडनच्या ज्युरीनं निर्णय दिला त्यात मागे लागलेल्या गाड्या पण होत्या आणि तिच्या स्वतःच्या गाडीचा ड्रायव्हर पण होता, जो प्यायलेला होता. मग निबंधात काय लिहाल? तर पार्टली टू ब्लेम, अ कॉन्ट्रिब्यूटिंग फॅक्टर. असं लिहिलं की वाक्य आपोआप सहाच्या वर जातं, अवघड शब्द एकही न घालता. तसंच ब्रिटनच्या न्यूज ऑफ द वर्ल्डचं, 168 वर्षांचा पेपर, जुलै 2011 मध्ये बंद पडला कारण लोकांच्या फोनचे व्हॉइसमेल चोरून ऐकत होते, आणि लोक खरे चिडले ते सेलिब्रिटींचे ऐकले म्हणून नाही, खून झालेल्या एका शाळकरी मुलीच्या फोनपर्यंत हे गेले म्हणून. इथून मॅडमनी लोकहित आणि लोकांची उत्सुकता यातला फरक काढला, इन द पब्लिक इंटरेस्ट वेगळं आणि व्हॉट इंटरेस्ट्स द पब्लिक वेगळं. पार्ट थ्रीला हे एक वाक्य नीट वापरता आलं तरी खूप झालं.

बार्ब्रा स्ट्रायसँडची गोष्ट मला आधी माहीत नव्हती. गायिका, कॅलिफोर्नियात समुद्रकाठी बंगला. किनाऱ्याची झीज कळावी म्हणून एका फोटोग्राफरनं हेलिकॉप्टरमधून सगळ्या किनाऱ्याचे हजारो फोटो काढून वेबसाइटवर ठेवले, त्यात एकात हिचं घर. 2003 मध्ये हिनं पाच कोटी डॉलरची केस ठोकली. केसच्या आधी तो फोटो डाउनलोड किती वेळा झाला होता, तर सहा, त्यातले दोन तिच्याच वकिलांनी. केसची बातमी आल्यावर महिन्याभरात चार लाखांच्या वर लोकांनी पाहिला. वर केस हरली ती वेगळीच. याला स्ट्रायसँड इफेक्ट म्हणतात. लपवायला गेलं आणि गावभर झालं.

भारतातलं पण व्यवस्थित होतं, नाहीतर हे कोर्स म्हणजे सगळं लंडन-न्यूयॉर्क. 24 ऑगस्ट 2017 ला सुप्रीम कोर्टाच्या नऊ जजनी एकमतानं प्रायव्हसी हा मूलभूत हक्क म्हटला, घटनेच्या 21 व्या कलमाखाली. त्याच्याही आधी 1994 मध्ये कोर्टानं म्हटलं होतं की माणसाच्या खासगी गोष्टी त्याच्या संमतीशिवाय छापता येत नाहीत, पण सरकारी रेकॉर्डवर असलेल्या छापता येतात, आणि सरकारी अधिकाऱ्याला त्याच्या कामाबद्दल हे कवच नाही. लायबेल आणि स्लँडरचा फरक पण कळला, लिहिलेली बदनामी आणि बोललेली बदनामी, इंग्लंडात वेगळ्या, आपल्याकडे फौजदारी कायद्यात दोन्ही एकच, आता भारतीय न्याय संहितेचं 356 वं कलम. आणि दिल्ली हायकोर्टानं सप्टेंबर 2023 मध्ये अनिल कपूरचं नाव, आवाज, फोटो, इतकंच नाही तर त्याचं ते ‘झकास’ पण विनापरवानगी धंद्यासाठी वापरायला बंदी केली. यावर वर्गातल्या आम्ही दोघी मराठी एकमेकींकडे बघून हसलो, घरात आजोबांपासून सगळे उठसूट झकास म्हणत आलेत, आता काय करायचं.

पण या सगळ्यात माझ्या डोक्यात बसला तो आपल्या सयाजीराव महाराजांचा तास. मॅडमनी विचारलं, बडोद्याचा सगळ्यात मोठा मीडिया स्कँडल कुठला? कुणी पठाण बंधू म्हणालं, कुणी पंड्या. त्या म्हणाल्या 1911. 12 डिसेंबर 1911, दिल्ली दरबार, पंचम जॉर्ज समोर बसलेले, एकेक संस्थानिक जाऊन वाकून नमस्कार करून पाठ न दाखवता मागे मागे येतोय. निजामानंतर आपले महाराज गेले, एकदाच जरासे वाकले आणि वळून सरळ पाठ करून चालत आले. झालं. इंग्रजी पेपर तुटून पडले, राजद्रोहापर्यंत गोष्ट गेली, आणि नवीन प्रकार म्हणजे त्याची फिल्म निघाली होती, ती लंडनच्या थिएटरांत लोकांनी पाहिली. महाराजांना व्हाइसरॉयला पत्र लिहून खुलासा द्यावा लागला, त्यात लिहिलं की आधी फक्त निजाम गेले होते, नीट बघता आलं नाही, समोर गेल्यावर मी गडबडलो.

आता काम काय दिलं तर या एका माणसाच्या या एका मिनिटाचं वर्णन तीन जणांच्या तोंडून करा. लंडनचा पेपर, इथला राष्ट्रीय विचारांचा माणूस आणि महाराजांचं स्वतःचं पत्र. पेपरवाला म्हणेल इन्सोलंट, अ‍ॅरोगंट, डिसरिस्पेक्टफुल. आपला माणूस म्हणेल डिफायंट, प्राउड, अनबेंडिंग. पत्रातले महाराज नर्व्हस, फ्लस्टर्ड. माणूस तोच, पावलं तीच. शेजारी बसलेली दांडिया बाजारातली मुलगी पटकन म्हणाली, आमच्याकडे सगळे म्हणतात की महाराजांनी मुद्दाम केलं, आणि मॅडम म्हणाल्या मग ते ‘अलेजेडली’, म्हणजे ‘असं म्हणतात’, लावून म्हण. सगळे हसले पण अलेजेडली कुठे लावायचं ते सगळ्यांना कळलं. स्वभावाचं विशेषण हे त्या माणसाबद्दल जेवढं सांगतं तेवढंच बोलणाऱ्याबद्दल सांगतं, हे मला त्या अर्ध्या तासात जे समजलं ते पुढच्या सगळ्या पर्सनॅलिटीच्या तासांमध्ये मिळून नाही समजलं.

कारण त्याच्यानंतर सर आले. सरांचा भाग म्हणजे बुकलेट. बुकलेट म्हणजे झेरॉक्सची झेरॉक्स, कडेचे शब्द कापलेले, त्यात ए पासून झेड पर्यंत स्वभावाची विशेषणं आणि पुढे गुजराती अर्थ, आणि रोज एक पान घरून पाठ करून यायचं. सर विचारणार, तुम्ही उभं राहून अर्थ सांगणार. मी शाळेत सातवीत पण असं नव्हते करत. बरं अर्थ तरी नीट असावेत! थ्रिफ्टी, फ्रूगल, स्टिंजी, मायझर्ली चौघांच्या पुढे एकच, कंजूस. अ‍ॅसर्टिव्हपुढे आक्रमक. म्हणजे मी परीक्षेत माझे बाबा स्टिंजी आहेत म्हणून कौतुक करायला मोकळी. वाडीतल्या माझ्या आत्याला मी हे वाचून दाखवलं, ती दुधाच्या पिशव्या धुऊन वाळत घालते आणि दिवाळीला सगळ्या भाच्यांना सोन्याचं काहीतरी देते, ती म्हणाली मग मी ह्यातली कोण? हाच तर प्रश्न आहे आत्या, आणि हाच वर्गात विचारायला हवा होता. पिशवी धुताना फ्रूगल, देताना जेनरस, आणि शेजारच्या काकूंना विचारलं तर स्टिंजी, कारण त्यांना एकदा वाटीभर साखर मोजून दिली होती. असं बोलता आलं तर पार्ट टूचं कार्ड दोन मिनिटं आरामात चालेल, ‘शी इज व्हेरी काइंड, हेल्पफुल अँड हार्डवर्किंग’ म्हणून वीस सेकंदांत संपणार नाही.

होमली हा शब्द तर बुकलेटमध्ये चांगल्या गुणांच्या यादीत, घरगुती, संस्कारी. आपल्याकडे लग्नाच्या जाहिरातीत येतो तोच. मी विचारलं की सर, अमेरिकेत होमली म्हणजे दिसायला यथातथा, ब्रिटनमध्ये मुख्यतः घर, जेवण याबद्दल वापरतात, तर परीक्षकासमोर माझ्या वहिनीला होमली म्हणू का? सर म्हणाले इंडियन इंग्लिश पण चालतं, एटलू बधू विचारवानूं नहीं. तसंच सिम्पल. आपल्याला साधी, सरळ असं म्हणायचं असतं, तिकडे माणसाला सिम्पल म्हटलं की डोक्यानं जरा कमी असा वास येतो. डाउन टु अर्थ, अनअस्युमिंग हे शब्द बुकलेटमध्ये होते, पण डीच्या पानावर आणि यूच्या पानावर, सिम्पलपासून लांब लांब, जोडणार कोण. शाय, रिझर्व्ड आणि अलूफ यांचं पण तेच. तिघंही पार्टीत कोपऱ्यात उभे, पण एकाला बोलायचंय आणि जमत नाही, एकाला गरज वाटत नाही, एक तुम्हाला बोलण्यालायक समजत नाही. हे असं एका वाक्यात सांगून झालं असतं की.

सरांचा बचाव म्हणून एक सांगते, उच्चार ते छान सुधारतात. कॉन्शिएन्शस हा शब्द त्यांनी वर्गाकडून इतक्या वेळा म्हणवून घेतला की आता झोपेत म्हणेन, आणि शब्दातला जोर कुठे द्यायचा ते टाळी वाजवून शिकवतात, ते खरंच उपयोगी आहे. नुसता उच्चाराचा कोर्स काढला तर मी परत जाईन.

आता रील. कोर्सच्या शेवटी मॉक टेस्ट असते, वेगळ्या केबिनमध्ये, समोर सर, आणि मोबाइल स्टँडवर लावलेला. मला वाटलं आपल्याला दाखवायला, चुका कळाव्यात म्हणून रेकॉर्ड करतात, सांगितलं पण तसंच होतं. दोन दिवसांनी आत्याचा फोन, तिच्या शेजारच्या काकूंच्या सुनेनं तिला रील पाठवलं, त्यात मी! कार्डचा विषय होता तुम्हाला भेटावंसं वाटतं असं एखादं प्रसिद्ध व्यक्तिमत्त्व, मी बोलता बोलता अडकले तो भाग ‘बिफोर’ आणि नंतर नीट बोलले तो भाग ‘आफ्टर’, वर ढोलकीचं म्युझिक, खाली क्लासचा नंबर, आणि माझं नाव आणि आधीचा बँड पण. म्हणजे ज्या क्लासनं मला अनसॉलिसिटेड अटेन्शन आणि विदाउट कन्सेन्ट हे शब्द शिकवले त्याच क्लासनं. ऑफिसमध्ये मी परदेशी जायचं अजून कोणाला सांगितलेलं नव्हतं हो, साहेबांपर्यंत गेलं असतं तर.

मी दुसऱ्या दिवशी गेले. म्हटलं सर, मने पूछ्या वगर वीडियो केम मूक्यो? सर हसून, अरे बेन, फ्री मां फेमस थई गया ने! मग मी इंग्रजीवर आले, म्हटलं याच क्लासात शिकलेलं वापरू दे एकदा. धिस इज अ क्लिअर इन्व्हेजन ऑफ माय प्रायव्हसी, आय नेव्हर गेव्ह माय कन्सेन्ट, अँड आय वुड अ‍ॅप्रिशिएट इट इफ यू टुक इट डाउन टुडे. सलग, न अडखळता. बाजूच्या टेबलावर मॅडम पेपर तपासत होत्या, त्यांनी मान वर केली नाही पण हसत होत्या हे दिसत होतं. सर म्हणाले अ‍ॅडमिशनच्या फॉर्मवर लिहिलंय. फॉर्म काढला तर खरंच मागच्या बाजूला बारीक अक्षरात होतं की क्लास विद्यार्थ्यांचे फोटो आणि निकाल प्रमोशनसाठी वापरू शकतो. फोटो आणि निकाल. व्हिडिओ नव्हतं लिहिलेलं, आणि मॉक टेस्ट म्हणजे निकाल पण नाही. त्यावर थोडी हुज्जत झाली, मग त्यांनी माझ्यासमोर रील काढलं, एवढं मात्र मानायला हवं, टाळाटाळ नाही केली. पण बाकीच्यांची अजून आहेत, आणि रोडवर जो फ्लेक्स लागलाय बँडवाला, त्यातल्या एका मुलीला तर माहीतच नव्हतं की आपला फोटो तिथे आहे, मीच तिला सांगितलं.

त्यामुळे अ‍ॅडमिशन घेणार असाल तर फॉर्मची मागची बाजू वाचा आणि नको असेल ती ओळ पेननं खोडून सही करा, काउंटरवरच्या ताई काही म्हणत नाहीत, माझ्यानंतर दोघींनी तसंच केलं.

बाकी सोयी: एसी आहे पण दुपारच्या बॅचला मागच्या बाकापर्यंत पोचत नाही. बॅच वीसची सांगतात, असतात तीसच्या आसपास, मीडियाच्या चर्चेला ते चालून जातं, पण सरांच्या तासाला तुमची पाळी येईपर्यंत शेव उसळ खाऊन येता येईल. पाण्याचा कूलर चांगला. अ‍ॅक्टिवा लावायला संध्याकाळी अजिबात जागा नसते, युनिव्हर्सिटी सुटायची वेळ आणि क्लासची वेळ एकच, सकाळी सातची बॅच घ्या, तेव्हा मॅडम पण जास्त मोकळ्या असतात आणि तास संपल्यावर पंधरा-वीस मिनिटं शंका घेतात.

माझी परीक्षा अजून व्हायचीये त्यामुळे बँड किती वाढला ते विचारू नका, बाहेरच्या बोर्डवर ‘गॅरंटीड सेव्हन’ लिहिलंय त्याच्यावर तर बिलकुल जाऊ नका, अशी गॅरंटी कुणीच देऊ शकत नाही.

आणि फीबद्दल: काउंटरवर विचारलं की फक्त मीडियाचा भाग मिळेल का तर नाही म्हणतात, पण मॅडमना थेट विचारलं तर त्या अर्ध्या फीत बसू देतात, सरांना आधी विचारून. ज्यांना स्पीकिंगचा पार्ट थ्री आणि निबंध सुधारायचाय त्यांनी तेवढंच करा, अडीच हजाराच्या आत होईल. स्वभावाच्या विशेषणांसाठी मात्र घरच्या माणसांची यादी काढा, प्रत्येकाचा एक प्रसंग लिहा आणि त्या प्रसंगाला शब्द शोधा. आमच्या घरात आत्यावरच एक अख्खी वही भरतेय, आणि ती रोज फोन करून विचारते की आज मी कोण झाले.